ओहमचा नियम घरी, तारांची जोडणी वर्गात

नववीचा ‘धारा विद्युत’ मी उलटा शिकवते. समजावणं आदल्या रात्री मोबाइलवर. तासाला फक्त प्रयोग आणि गणितं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास तास बुडणाऱ्या मुलांसाठी पाठ रेकॉर्ड करायला घेतले, तेव्हापासून ही पद्धत गाजली.

व्हिडिओ सहा मिनिटांचा पुरे. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर, कडेबाहेर येईल असा आडवा ठेवा, कॅमेरा खाली वहीकडे. चेहरा नको, पेन दिसलं की झालं. पंखा मात्र बंद करा. एका व्हिडिओत एकच मुद्दा, जसा ओहमचा नियम: तापमान तेच असेल तर विभवांतर (व्होल्टेज) वाढेल त्या प्रमाणात धारा (करंट) वाढते. शेवटी गणित टाका, १२ व्होल्ट, ४ ओहम, धारा किती? उत्तर सांगू नका. ते वहीत यायला हवं, आणि त्याखाली एक शंका. ‘शंका नाही’ हे उत्तर मी घेत नाही.

पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर तयार व्हिडिओही मिळतात, पण आपल्या बाईंचा आवाज मुलं जास्त कान देऊन ऐकतात, असं माझं मत.

आमच्याकडे घरातला मोबाइल मुलांच्या वडिलांबरोबर कामावर जातो, म्हणून व्हिडिओ लहान करून संध्याकाळी सातनंतर पाठवते. ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीत शाळेचा संगणक आणि पेनड्राइव्ह. पण तासाला सगळ्यांसाठी पुन्हा समजावत बसू नका. बघून आलेलीसुद्धा पुढच्या वेळी बघायची नाहीत.

प्रार्थनेनंतर वह्या घ्या, शंका वाचा, अडलेला आणि सुटलेला एकाच गटात बसवा. चौघांत सेल, नायक्रोमची तार, अमीटर, व्होल्टमीटर. अमीटर एकसर, म्हणजे तारेच्या ओळीतच; व्होल्टमीटर समांतर, म्हणजे तारेच्या दोन टोकांना. सेल जोडण्याआधी प्रत्येक जोडणी स्वतः बघा, कारण अमीटर समांतर लागला तर जळू शकतो. मग सेल एकेक वाढवत विभवांतर आणि धारा यांचा आलेख काढायला लावा. बिंदू कधीच नीट रेषेवर बसत नाहीत. कोणी म्हणतं सेल जुने, कोणी म्हणतं तार तापली. भांडू द्या. तार तापली म्हणणाऱ्याला विचारा, मग रोधाचं, म्हणजे धारेला होणाऱ्या अडथळ्याचं, काय होईल? मीटर कमी असतील तर कोलोरॅडो विद्यापीठाचं मोफत ‘फेट’, म्हणजे पडद्यावर करायचे आभासी प्रयोग, आधी डाउनलोड करून ठेवा, नेट नसलं तरी चालतं.

सगळे पाठ असे घेऊ नका. ज्या पाठाच्या गृहपाठात निम्मा वर्ग अडतो, तेवढेच निवडा.