एडगर अॅलन पोची ‘द रेव्हन’ कशी वाचावी

अमेरिकन कवी पोची ‘द रेव्हन’ ही भुताखेताची कविता आहे असं समजून बहुतेक जण ती हातात घेतात. मीही तशीच घेतली होती. मध्यरात्र, विझत आलेली शेकोटी, सळसळणारे जांभळे रेशमी पडदे, दारावर टकटक आणि मग खिडकीतून आत आलेला काळाकुट्ट पक्षी. गॉथिक, म्हणजे भय-गूढाच्या, साहित्याला लागतं ते सगळं इथे आहे. पण पहिल्या वाचनात मी त्या पक्ष्याकडेच बघत राहिलो आणि समोर बसलेला माणूस काय करतोय हे माझ्या नजरेतून सुटलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून ही कविता कशी वाचायची ते सांगतो.

मूळ पाठ नेटवर फुकट मिळतो. कविता २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग मिरर’ या वृत्तपत्रात आली. १८ कडवी, प्रत्येकी ६ ओळी, एकूण १०८ ओळी. शक्य असेल तर कागदावर छापून घ्या, कारण समासात बरंच लिहायचं आहे.

आधी नुसती गोष्ट समजून घ्या

पहिल्या वाचनात अडलेल्या शब्दांवर थांबू नका. गोष्ट अगदी साधी आहे. एक माणूस रात्री जुनी पुस्तकं चाळत डुलक्या घेतोय. लेनोर नावाची त्याची प्रिया वारली आहे आणि पुस्तकांत मन गुंतलं तर तेवढा वेळ तरी दुःख विसरता येईल, अशी त्याची आशा आहे. टकटक ऐकून तो दार उघडतो. बाहेर फक्त अंधार. त्या अंधारात तो हळूच ‘लेनोर?’ म्हणतो आणि तोच शब्द प्रतिध्वनी होऊन परत येतो. मग खिडकी उघडतो तर रेव्हन, म्हणजे कावळ्याच्या कुळातला मोठा काळा पक्षी, आत येतो आणि दारावरच्या पॅलसच्या, म्हणजे ग्रीकांच्या ज्ञानदेवतेच्या, अर्धपुतळ्यावर जाऊन बसतो. माणूस त्याच्याशी बोलू लागतो. पक्षी प्रत्येक वेळी एकच शब्द उच्चारतो : ‘नेव्हरमोर’, म्हणजे आता कधीच नाही.

‘लेनोर?’ची ती ओळ मात्र दुसऱ्यांदा वाचा. हा माणूस पक्षी येण्याआधीच मेलेल्या माणसाची वाट बघत होता, हे तिथे कळतं.

मग मोठ्याने वाचा

आठ-दहा मिनिटं लागतील. दार लावून घ्या, संकोच वाटणार नाही. इंग्रजी छंद आघातांवर चालतो आणि इथे आघात आधी पडतो, मग अक्षर हलकं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘गाल गाल गाल गाल’ अशी चाल, आणि लांब ओळीत ती आठ वेळा. शिवाय यमक ओळीच्या शेवटाची वाट बघत नाही, मध्येच येतं : ‘ड्रिअरी’ला ‘विअरी’, ‘नॅपिंग’ला ‘टॅपिंग’ आणि पुन्हा ‘रॅपिंग’. लांब ओळींनंतर कडव्याची शेवटची ओळ एकदम आखूड होते आणि घण घातल्यासारखी आदळते. हे कानाने ऐकल्याशिवाय कळत नाही, डोळ्याने तर नाहीच.

आता प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारा. पहिल्या सात कडव्यांत जवळजवळ प्रत्येक वेळी ‘नथिंग मोर’ सापडेल. पाहुणा असेल, वारा असेल, बाकी काही नाही, अशी माणूस स्वतःची समजूत काढतोय. आठव्या कडव्यापासून शेवटपर्यंत ‘नेव्हरमोर’. आवाज जवळजवळ तोच, अर्थ मात्र फिरला.

पक्ष्याला सोडा, प्रश्न लिहून काढा

सगळ्या वाचनात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी. इथे घाई करू नका.

पक्षी कवितेत सहा वेळा बोलतो. तो बोलण्याच्या आधी माणूस काय म्हणतो ते एका कागदावर क्रमाने उतरवा. पहिल्यांदा तो जवळजवळ थट्टेने विचारतो, तुझं नाव काय? उत्तर येतं, नेव्हरमोर. दुसऱ्यांदा तो पुटपुटतो की बाकीचे मित्र गेले तसा हाही उद्या निघून जाईल. नेव्हरमोर. आणि मग अकराव्या कडव्यात तो स्वतःच उलगडा करतो : हा पाळलेला पक्षी असणार, कुणा दुर्दैवी मालकाच्या तोंडचा एकच शब्द याने पाठ केलाय.

इथे पेन्सिल खाली ठेवून विचार करा. या माणसाला आता पक्कं माहीत आहे की काहीही विचारलं तरी उत्तर एकच येणार. तरी तो काय करतो? गादीची खुर्ची पक्ष्यासमोर ओढतो, बसतो आणि पुढे विचारत जातो. लेनोरला विसरवणारं औषध पी, असं तो स्वतःला बजावतो. नेव्हरमोर. माझ्या दुःखावर काही मलम आहे का? नेव्हरमोर. स्वर्गात तरी तिला मिठी मारता येईल का? नेव्हरमोर. निघून जा, माझ्या काळजातली चोच काढ! नेव्हरमोर.

नकार जिथे सर्वांत जास्त झोंबेल तोच प्रश्न तो दरवेळी निवडतोय. खपली धरली की पुन्हा काढतोय. पोने १८४६ साली या कवितेच्या घडणीवर एक निबंध लिहिला. त्यात तो हेच सांगतो, की स्वतःला यातना देण्याची माणसाची ओढ त्याला हे प्रश्न विचारायला लावते. सोळाव्या कडव्यातला स्वर्गाचा प्रश्न आपण सर्वांत आधी लिहिला, असंही तो म्हणतो. आणि आधी त्याच्या डोक्यात रेव्हनऐवजी पोपट होता! त्या निबंधातल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवावा असं नाही, अभ्यासकही ठेवत नाहीत. पण प्रश्नांबद्दल तो म्हणतो ते कवितेत डोळ्यांना दिसतं.

मराठी वाचकाला इथे घाटावरचा कावळा आठवणारच. पिंडाला कावळा शिवेना झाला की घरचे हात जोडून एकेक वचन देऊन बघतात : मुलीचं लग्न करू, धाकट्याला सांभाळू. तिथेही जिवंत माणूस मेलेल्यासाठी पक्ष्याशीच बोलतो. पण योग्य वचन दिलं की कावळा शिवेल, ही आशा तिथे असते. पोच्या खोलीत ती वाटच बंद आहे. रेव्हन आपल्या डोमकावळ्याहूनही मोठा असतो, एवढा फरक मनात ठेवा आणि घाट बाजूला ठेवून पुढे चला.

अडलेले शब्द आता बघा

फार नाहीत. ‘नेपेंथी’ म्हणजे होमरच्या ‘ओडिसी’तलं दुःख विसरवणारं औषध, हेलन ते मद्यात मिसळते. गिलियादचा मलम बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातून आलाय. ‘एडन’ म्हणजे नंदनवन. ‘प्लुटोनियन’ किनारा म्हणजे पाताळाच्या देवाचा, मृत्यूपलीकडचा. गंमत बघा, विस्मरण, उपचार आणि पुनर्भेट, या तिन्ही आशा हा माणूस पुस्तकांतूनच आणतो. सुरुवातीला तो पुस्तकांतच तर आसरा शोधत होता.

कवीचं आयुष्य सर्वांत शेवटी

लेनोर म्हणजे पोची मेलेली बायको, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. ती बायको, व्हर्जिनिया, ही त्याची आतेबहीण. १८३६ साली लग्न झालं तेव्हा ती १३ वर्षांची होती. जानेवारी १८४२ मध्ये गाता गाता तिच्या तोंडातून रक्त आलं आणि क्षय उघड झाला. ती गेली ३० जानेवारी १८४७ रोजी, म्हणजे कविता छापून आल्यानंतर दोन वर्षांनी. ‘द रेव्हन’ लिहिली जात होती तेव्हा ती घरातच होती, बरी व्हायची आणि पुन्हा खालावायची. गेलेल्या माणसाचा शोक वेगळा आणि जाणार हे कळलेल्या माणसाशेजारी बसून लिहिणं वेगळं. हे कळल्यावर मी औषधाचा आणि मलमाचा प्रश्न पुन्हा वाचला, आणि त्या दोन कडव्यांवरून पुढे जायला मला बराच वेळ लागला.

शेवटचं कडवं, काळ तपासत

सतरा कडवी भूतकाळात आहेत. एकदा, एका मध्यरात्री असं झालं. अठराव्यात क्रियापद बदलतं : रेव्हन अजून बसला आहे. त्या रात्रीची गोष्ट संपलेलीच नाही, माणूस अजूनही त्याच खोलीतून बोलतोय. दिव्याच्या उजेडात पक्ष्याची सावली जमिनीवर पडली आहे आणि त्याचा आत्मा त्या सावलीत अडकलाय. पक्षी दारावर, मग सावली जमिनीवर कशी, असं विचारणारे तेव्हाही होते. दिवा दाराच्याही वर, भिंतीला उंच लावलेला माझ्या डोळ्यांसमोर होता, असं उत्तर पोने एका पत्रात दिलंय.

आता त्या कडव्यातला ‘नेव्हरमोर’ कोण म्हणतंय ते बघा. पक्षी गप्प आहे. शब्द माणसाच्या तोंडी आलाय.

एवढं झाल्यावर वही घ्या आणि त्या एका शब्दाला मराठी शब्द शोधा. ‘पुन्हा नाही’ म्हटलं तर ‘ही’वर आवाज टोकदार होतो. पोने मुद्दाम निवडलेला लांब ‘ओ’ आणि मागे घुमणारा ‘र’ हरवतो. ‘कधीच नाही’मध्ये ‘यापुढे’ हा अर्थ सुटतो. ‘आता कधीच नाही’ अर्थाला बरोबर, पण पक्ष्याच्या चोचीला फार लांब. तुम्हाला सुचेल तो शब्द आधी आठव्या कडव्यात ठेवून मोठ्याने म्हणा, मग अठराव्यात. चोचीतही शोभला पाहिजे आणि त्या माणसाच्या तोंडीही. मला अजून सापडलेला नाही.