बालदम्यावर थिसिस करताय? आधी या चुका टाळा

दरवर्षी नवे रेसिडेंट येतात आणि दरवर्षी तोच कागद माझ्या टेबलावर पडतो: 'आयझॅक'ची प्रश्नावली, गूगलकडून मराठी करून घेतलेली. "सर, उद्यापासून शाळेत जाऊ?" नाही जायचं.

आयझॅक हा मुलांमधला दमा आणि ॲलर्जी मोजणारा, १९९१ साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय अभ्यास. ६-७ आणि १३-१४ वर्षं हे त्याचे वयोगट. पुणे, अकोला ही केंद्रंही त्यात होती. त्यातला नाकाचा प्रश्न असा, की सर्दी किंवा फ्लू नसताना शिंका, वाहतं नाक, चोंदलेलं नाक असा त्रास होतो का? इंग्रजीत ठीक आहे. आपल्याकडे मात्र वाहत्या नाकालाच सर्दी म्हणतात!

हे मला ठेच लागून कळलं. एका शाळेत फॉर्म वाटले, परत आले, आणि नाकाच्या रकान्यात जवळपास सगळे 'नाही'. वर्गात बघावं तर निम्मी पोरं बाहीला नाक पुसतायत. एका आईने समासात लिहिलं होतं, "सर्दी नसताना नाक कशाला वाहील?" बाईंचं बरोबर होतं. सगळे फॉर्म रद्दीत गेले.

तेव्हापासून मी विचारतो: ताप, घसादुखी, अंगदुखी काही नसताना एकामागून एक शिंका येतात का? नाकातून पाणी गळतं का, डोळे खाजतात का? छापण्याआधी ओपीडीतल्या दहा आयांना प्रश्न वाचून दाखवतो आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावतो. मराठी प्रश्न पुन्हा इंग्रजीत करून मूळ प्रश्नाशी ताडून बघणंही आलंच, आणि ते ज्याने भाषांतर केलं त्याने करायचं नाही. यात आठवडा जातो. घाई असलेल्यांनी दुसरा विषय घ्यावा.

'घरघर' या शब्दाचंही तेच. घशातल्या कफाचा आवाज, ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेल्या मुलाचं घोरणं, सगळं घरघरीत जमा. श्वास सोडताना छातीतून येणारी बारीक शिट्टी हवी असेल तर ती मोबाइलवर ऐकवा. आयझॅकनेही मोठ्या मुलांसाठी व्हिडिओ वापरला होता, उगाच नाही.

'दमा आहे का?' असं थेट विचारू नका. आई 'नाही' म्हणते आणि पिशवीतून पंप काढते. डॉक्टरांनी तिला 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस' सांगितलेलं असतं.

ओपीडीत आलेल्या शंभर मुलांवरून गावातलं प्रमाण काढू नका. आयझॅकने एका वयोगटाला तीन हजार मुलं सुचवली होती.

अर्धी मुलं जूनमध्ये, अर्धी जानेवारीत तपासून तुलना? नको, फरक ऋतूचाही असू शकतो.

स्किन प्रिक टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर टोचून करायच्या ॲलर्जीच्या चाचणीत, हमखास फुगायला हवा तो हिस्टामिनचा ठिपकाच फुगला नाही, तर पुढचं काही वाचू नका. बहुतेक वेळा सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जी दाबणारं औषध, पोटात असतं. "औषध बंद आहे ना?" याला "हो" असंच उत्तर येतं, कारण सर्दीचं सिरप कुणी औषधात धरतच नाही. मी घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगतो.

फेनो (श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजणं) आणि स्पायरोमेट्री (जोरात फुंकायला लावून फुफ्फुसं तपासणं) एकाच दिवशी असेल तर फेनो आधी. जोरजोरात फुंकल्यावर नायट्रिक ऑक्साइडचा आकडा खाली येतो. आमच्या स्पायरोमीटरवर मी चिठ्ठीच डकवली आहे: 'फेनो झालं का?' दोन वेळा कुणीतरी काढून टाकली, आता सेलोटेप जाड लावलाय.