भात कधी निसवणार: फुलोऱ्याच्या जनुकांवर काम सुरू करताना

पाठ्यपुस्तकांत अरॅबिडॉप्सिसच भेटतो, म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात ते मोहरीच्या कुळातलं छोटं रोप. पण त्याला 22 अंशांची थंड खोली लागते आणि तो लांब दिवसात लवकर फुलतो. गोव्यात प्रकल्प करायचा तर भात घ्या. त्याचं उलटं, दिवस लहान झाला की निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर काढतं. इथे जूनअखेर दिवस 13 तासांचा, डिसेंबरात सव्वाअकराचा. दिवसाच्या लांबीला संवेदनशील वाणाला एवढा फरक पुरतो. सरदीला (पावसाळी हंगामात) पेरलं तर ते पावसाळाभर फुटवे काढत बसतं, तेच वायंगणाला (हिवाळी हंगामात) टाकलं तर फुटवे धड होण्याआधीच पोटरीवर येतं.

सुरुवातीला चार जनुकं पुरे. पहिलं एचडी3ए. त्याचं प्रथिन पानात बनतं आणि अन्नरसाबरोबर शेंड्यापर्यंत जातं. पानातून शेंड्याला 'फुल' असं सांगणारा संदेश म्हणजे फ्लोरिजेन. हे नाव 1937चं, पण ते म्हणजे असलं प्रथिन हे पक्कं व्हायला 2007 उजाडलं. एचडी1 लहान दिवसात एचडी3एला चालना देतं आणि लांब दिवसात तेच त्याला दाबतं. गोंधळ होतो तो इथेच. ईएचडी1 एचडी3एला चालना देणारं, जीएचडी7 लांब दिवसात ईएचडी1ला अडवणारं.

एकाच वाणाच्या कुंड्या दोन गटांत ठेवा: 10 तास उजेड व 14 अंधार, आणि 14 उजेड व 10 अंधार. तापमान सारखंच. मुख्य काडीची लोंबी ध्वजपानाच्या आवरणातून डोकावली की तो दिवस नोंदवा.

घोळ बहुधा अंधारात होतो. मध्यरात्री 10 मिनिटं दिवा लागला तरी भाताचा फुलोरा लांबू शकतो, त्यामुळे व्हरांड्यातला बल्ब किंवा दाराची फटसुद्धा महागात पडते. काट्यांचा टायमर तर वीज गेली की तिथेच थांबतो. दोन तास वीज नसेल तर अंधारही दोन तास उशिरा सुरू होतो आणि रोपाचं घड्याळ बिघडतं. बॅटरीवर चालणारा घ्या.

जनुक किती चालू आहे हे पानातल्या त्याच्या आरएनएवरून मोजायचं असतं, म्हणून पानं कधी तोडता हे त्याहून महत्त्वाचं. लहान दिवसात एचडी3ए पहाटेच्या सुमारास शिखरावर असतं. सोयीच्या अकरा वाजता नमुना घेतला तर जनुक 'बंद' दिसेल आणि दोष मात्र प्रायमरला (मोजणीत जनुक शोधणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) जाईल. म्हणून 24 तास दर 4 तासांनी, तीन वेगळ्या रोपांवरून, सर्वांत वर पूर्ण उलगडलेलं पान घ्या. रात्री मंद हिरवा उजेड वापरा. 100 मिलिग्रॅम पान लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका, गोठलेलंच वाटा, मग आरएनए वेगळा काढणारं 1 मिलिलीटर ट्रायझॉल घाला. पावसाळ्यात खलबत्त्यावर बाष्प जमतं. पूड ओली होऊन चिकटली तर आरएनए तुटलाच समजा. डीएनेझची (उरलेला डीएनए तोडणाऱ्या विकराची) पायरी गाळू नका, नाहीतर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेल्या तपासणीच्या नळीतही सिग्नल येतो.