या चुका टाळा: कॅज्युअल्टीत नुसती डोकी मोजू नका

रजिस्टरमधला आकडा बघून सिस्टर आणि खाटा वाटणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तुर्भे एमआयडीसीतून पाय मुरगळून आलेला कामगार आणि कोपरखैरण्याहून धाप लागून आलेली डायलिसिसवरची आजी, दोघांची ओळ एकेकच. त्याचं एका एक्स-रेवर भागतं. तिला ऑक्सिजन, ईसीजी, रक्ततपासण्या, नेफ्रॉलॉजिस्ट, बहुधा आयसीयूसुद्धा.

ट्रायाज म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवणं. त्याच्या ईएसआय (इमर्जन्सी सिव्हिरिटी इंडेक्स) या पाच पातळ्यांच्या पद्धतीत लेव्हल १ आणि २ धोक्यावर ठरतात. पुढच्या तीन ठरतात साधनांवर, म्हणजे किती प्रकारच्या तपासण्या-उपचार लागतील त्यावर: दोन किंवा जास्त लागली तर ३, एक लागलं तर ४, काहीच नाही तर ५. गोंधळ मोजण्यात होतो. सीबीसी, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट्स या रक्ततपासण्या मिळून साधन एकच. त्यात एक्स-रे आला की दोन. ग्लुकोमीटर, तोंडावाटे गोळी, धनुर्वाताचं इंजेक्शन, कुबड्या मोजायच्याच नाहीत. कॅन्युला (शिरेतली नळी) नुसता लावून ठेवला तर शून्य, सलाईन चढवलं तर एक. रक्ताची प्रत्येक ट्यूब वेगळी मोजली की अर्धी कॅज्युअल्टी लेव्हल ३ मध्ये जाऊन बसते.

मग खाटांचं गणित. समजा आठ तासांच्या शिफ्टला लेव्हल ३ चे १२ पेशंट, प्रत्येकी चार तास: ४८ खाट-तास, म्हणजे सहा खाटा. लेव्हल ५ चे २० पेशंट अर्ध्या तासाने मोकळे झाले तर जेमतेम सव्वा खाट. तासांचे आकडे मात्र आपल्याच केसपेपरवरून काढा. आयसीयूत खाट नाही म्हणून अडकलेला पेशंटही यात धरा. ‘नवीन’ नाही म्हणून तो हमखास सुटतो.

श्वास मोजला जात नाही, लिहिला जातो! प्रत्येक केसपेपरवर ‘१८’ दिसलं तर समजून जा. न्यूज-२ म्हणजे श्वास, नाडी, बीपी अशा नोंदींवरून पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा स्कोअर. त्यात १८ ला शून्य गुण, २६ ला तीन. पूर्ण मिनिट मोजा. हा स्कोअर १६ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना लावू नका.

पावसाळ्यात डेंग्यू या स्कोअरला चकवतो. बीपी ११०/९२ असेल तर वरच्या आकड्याला एकच गुण, कारण न्यूज-२ खालचा आकडा बघतच नाही. पण वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक १८ चा आहे. २० किंवा कमी म्हणजे शॉकची सुरुवात असू शकते. ताप उतरला म्हणून अशा पेशंटला बाकावर बसवू नका. हातपाय गार आहेत का बघा, पुन्हा ट्रायाज करा आणि वेळ टाकून लिहा.