गाबा खरंच घटलं, की मोजमाप सरकलं? एमआरएस करताना या चुका टाळा

हाताला नवी हालचाल शिकवायला घेतली की अर्ध्या तासातच सेन्सरीमोटर कॉर्टेक्समधलं (मेंदूचा हालचाल आणि स्पर्श सांभाळणारा भाग) गाबा, म्हणजे चेतापेशींना शांत करणारं रसायन, घटतं, हे 2006 साली एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरएस, म्हणजे एमआरआय यंत्राने मेंदूतली रसायनं मोजण्याची पद्धत) दिसून आलं. हा बदल टिपायला निघालेल्यांना पहिल्याच स्कॅनमध्ये घट दिसली की आनंद होतो. माझं आग्रहाचं सांगणं असं की, घट मेंदूत झाली की मोजणीत, हे आधी तपासा.

गाबाचं प्रमाण जेमतेम 1 ते 2 मिलीमोल. एमआरएसच्या आलेखात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, प्रत्येक रसायनाची खूण ठराविक वारंवारतेवर दिसते, आणि ती जागा पीपीएममध्ये सांगतात. गाबाची 3.0 पीपीएमवरची खूण क्रिएटिन या दुसऱ्या रसायनाच्या कितीतरी उंच शिखराखाली दडलेली असते. म्हणून मेगा-प्रेस ही स्कॅनची पद्धत वापरतात: 1.9 पीपीएमवर एडिटिंग पल्स (रेडिओ लहरींचा छोटा झटका) एकदा द्यायची, एकदा नाही, आणि दोन्हींची वजाबाकी करायची. क्रिएटिन दोन्हीकडे सारखं असल्याने उडतं, गाबा उरतं. सगळी मदार या वजाबाकीवर आहे.

आणि ती सर्वांत जास्त बिघडते स्कॅनच्या क्रमामुळे. आधी बराच वेळ एफएमआरआय (मेंदूचं काम टिपणारा एमआरआय) घेतलं की यंत्र तापतं, आणि ते निवताना चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकत राहतं. 3 टेस्लावर 1 पीपीएम म्हणजे सुमारे 128 हर्ट्झ. त्यातले पाच-दहा हर्ट्झ सरकले तरी क्रिएटिन नीट वजा होत नाही, आणि त्याचा उरलेला अंश नेमका गाबाच्या जागी येऊन बसतो. सरावाआधीचा स्कॅन थंड यंत्रावर आणि नंतरचा तापलेल्या यंत्रावर घेतला, तर दिसणाऱ्या फरकाचा शिकण्याशी संबंध असेलच असं नाही.

ओळखायचं कसं? वजाबाकीच्या स्पेक्ट्रममध्ये 3.2 पीपीएमजवळ बघा. तिथे कोलीन या आणखी एका रसायनाच्या जागी रेघ आधी वर, मग लगेच खाली अशी मुरडलेली दिसली, तर क्षेत्र सरकलंय किंवा डोकं हललंय. सुटे स्कॅन (मोजणीच्या एकेक फेऱ्या) वारंवारता आणि फेज (लहरीची सुरुवातीची स्थिती) जुळवून मगच त्यांची सरासरी काढा. यंत्राने सरासरी काढूनच डेटा साठवला असेल तर हा मार्ग बंद होतो. जुळवणीने वजाबाकी सुधारते, पण पल्स चुकीच्या जागी पडल्याने गेलेला गाबाचा सिग्नल परत येत नाही. तेव्हा एमआरएस आधी घ्या, एफएमआरआय नंतर.

व्हॉक्सेल, म्हणजे मेंदूतला ज्या ठोकळ्यातून मोजणी होते तो, साधारण 3 सेंटीमीटर बाजूचा असतो. तो मेंदूतल्या हाताच्या भागावर बसवताना कवटीपासून दूर ठेवा, नाहीतर चरबीचा सिग्नल आत शिरतो. माणूस बाहेर येऊन परत आत गेला असेल, तर दोन्ही वेळच्या व्हॉक्सेलमधलं ग्रे मॅटर (चेतापेशींनी भरलेला करडा भाग) मोजा. गाबा ग्रे मॅटरमध्ये जास्त असतं, मेंदूभोवतीच्या द्रवात जवळपास नसतंच.

दर मिनिटाचा आलेख काढायचा मोह आवरा. सरासरीतले सुटे स्कॅन निम्मे केले की गोंगाट सुमारे 1.4 पट वाढतो.

तुलनेला नुसती विश्रांती पुरत नाही. शिकणारे ठराविक क्रमाने बटणं दाबत असतील, तर तीच बटणं, तेवढ्याच वेळा, पण क्रम दरवेळी वेगळा, असा गट ठेवा. नाहीतर हालचाल आणि शिकणं वेगळं करता येणार नाही.

आणि लिहिताना ‘गाबा+’ असं लिहा. त्या 3.0 पीपीएमच्या शिखरात मॅक्रोमॉलेक्यूलचा (प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंचा) मोठा वाटा असतो. शिवाय मोजला जातो तो एकूण साठा. सिनॅप्सवर (दोन चेतापेशींच्या जोडावर) किती गाबा सोडलं गेलं, ते यातून कळत नाही.