ऑनलाइन वॉलेटमधली क्रिप्टो स्वतःच्या ताब्यात कशी घ्यावी

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. एकाहून जास्त सह्यांशिवाय त्या वॉलेटमधून काही हलत नसे, तरीही गेली. ज्यांचा पासवर्ड चोवीस अक्षरी होता त्यांची आणि ज्यांनी जन्मतारीख ठेवली होती त्यांची क्रिप्टो सारखीच अडकली, तीही वर्षाहून जास्त काळ. त्यामुळे ‘मजबूत पासवर्ड ठेवा, ओटीपी कुणाला सांगू नका’ एवढ्यावर थांबणारे सल्ले अर्धवट आहेत. एक्स्चेंजच्या ॲपमध्ये दिसणारा आकडा म्हणजे त्यांच्या वहीतली तुमच्या नावची नोंद. नाण्यांची किल्ली, म्हणजे ती हलवण्याचा गुप्त आकडा, त्यांच्याकडेच असते.

फोनमधल्या वॉलेट ॲपात किंवा ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये किल्ली तुमच्याकडे येते, पण ती दिवसभर इंटरनेटवर असलेल्या यंत्रात बसते. किरकोळ रकमेला ते चालेल. रक्कम महिन्याच्या पगाराच्या पुढे गेली की हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली इंटरनेटपासून वेगळी ठेवणारं छोटं यंत्र, घ्यावं. दोन-चार हजारांच्या नाण्यांसाठी त्याचा खर्च करू नये. ती एक्स्चेंजवर राहिली तरी हरकत नाही.

आधी सोपी कामं. तुमच्या ॲपमधून नाणी बाहेर पाठवता येतात का ते बघा. काही भारतीय ॲप्सवर फक्त खरेदी-विक्री होते, नाणी काढण्याची सोयच नसते. तशी नसेल तर विकून दुसरीकडे घ्यावी लागतील आणि त्यावर कर लागेल. एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारं) लावा, कारण डुप्लिकेट सिम काढलं की एसएमएस चोराच्या फोनवर जातो. हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, वापरलेलं कधीच नाही. वॉलेट परत उघडण्याचे गुप्त शब्द यंत्र स्वतः तयार करतं; खोक्यात ते आधीच छापलेले आले तर ती सरळ चोरी आहे. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते फुटले आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींच्या घरी बनावट लेजर टपालाने आले. न मागवलेलं यंत्र घरी आलं तर ते कॉम्प्युटरला लावूही नका.

यंत्र सुरू करून पिन ठेवायला दहा मिनिटं लागतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

बारा किंवा चोवीस शब्द

यंत्र पडद्यावर बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. सगळ्या नाण्यांची किल्ली या शब्दांतूनच बनते, त्यामुळे जपायचे ते शब्द, यंत्र नव्हे. यंत्र हरवलं तर दुसरं मिळतं. शब्द हरवले तर जगातली कुठलीही कंपनी काही करू शकत नाही, आणि दुसऱ्याने वाचले तर नाणी त्याची झाली. तरी बहुतेक लेखांत या टप्प्याला एकच ओळ मिळते: ‘शब्द सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवा.’ सुरक्षित म्हणजे कुठे आणि कशावर?

फोनवर नाही, हे पहिलं. फोटो नाही, स्वतःलाच केलेला व्हॉट्सॲप नाही, ईमेलचा ड्राफ्ट नाही. गॅलरी आपोआप क्लाउडवर चढते. त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की अधिकृत ॲप स्टोअरवरच्या काही ॲप्समध्येसुद्धा फोटोतला मजकूर वाचून असे शब्द हुडकणारा मालवेअर होता. नाव स्पार्ककॅट. ‘पासवर्ड घातलेल्या फोल्डरमध्ये आहे’ हे उत्तरही चालत नाही.

कागदावर लिहायचे, पण तात्पुरते. पेन्सिलीने लिहा, जेलपेनची शाई पाण्यात पसरते. लॅमिनेशन करून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की कडेतून ओल शिरली की ती आतच राहते, आणि आगीत प्लास्टिक वितळतं आणि कागदही जातो. बडोद्यात तर आगीआधी पाण्याचाच विचार करायला हवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यांत शिरलं तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातल्या कागदपत्रांचं काय झालं, हे इथल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

म्हणून स्टील. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्याकडून ३०४ ग्रेडची, १.५ ते २ मिलिमीटर जाडीची, साधारण १२० बाय ६० मिलिमीटरची पट्टी कापून घ्या. चोवीस शब्द असतील तर रुंदी १०० ठेवा. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, हे अर्धंच खरं: स्वस्त २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही आणि त्यावर ओलीत डाग पडतात. त्यामुळे ग्रेड बिलावर लिहून घ्या. ॲल्युमिनियमवर काम सोपं होतं, पण ते ६६० अंशांना वितळतं. ३०४ ला १४०० अंशांच्या आसपास लागतात.

रुखवताच्या भांड्यांवर नाव घालून देणाऱ्या दुकानात शब्द कोरून घ्या, असा सल्ला सर्रास ऐकू येतो. अजिबात घेऊ नका. कोरणाऱ्याला आधी चिठ्ठी द्यावी लागते, आणि ती चिठ्ठी गल्ल्यावर राहते. शिवाय ते मशीन पातळ भांड्यासाठी असतं, रेघ उथळ येते. हार्डवेअरच्या दुकानात ३ मिलिमीटरचा अक्षरांचा पंच-सेट मिळतो, सोबत अंकांचा घ्या. अर्धा किलोची हातोडी आणि खाली ठेवायला लोखंडी ठोकळा एवढंच लागतं. लाकडी पाटावर ठोकलं तर पट्टी उसळते आणि अक्षर दुहेरी उमटतं. पंच सरळ धरा, एकच दणका द्या. आधी जुन्या झाकणावर हात बसवून घ्या.

पूर्ण शब्द ठोकण्याची गरज नाही. हे शब्द एका ठरावीक यादीतून येतात; तिच्यात एकूण २,०४८ शब्द आहेत आणि ती अशी रचली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखता येतो. तीन अक्षरी शब्द असेल तर चौथ्या जागी आडवी रेघ ठोका. मोकळी सोडली तर वर्षांनी ‘इथलं अक्षर पुसलं का?’ अशी शंका येते. शब्द देवनागरीत कधीही लिहू नका. ‘उजवा’ या अर्थाचा राइट आणि ‘लिहिणे’ या अर्थाचा राइट, दोन्ही यादीत आहेत.

आता सगळ्यात फसवी जागा. पंच उलटा धरला की ‘एम’ दिसतो ‘डब्ल्यू’सारखा. ‘मांस’ या अर्थाच्या ‘मीट’चा एम उलटा बसला तर ती चार अक्षरं ‘हवामान’ या अर्थाच्या ‘वेदर’ची होतात, आणि वेदरही यादीतला शब्द आहे! प्रत्येक पंचाच्या खालच्या बाजूला मार्करने खूण करून ठेवा आणि ती खूण कायम आपल्याकडे. शब्द एकाच उभ्या रांगेत, प्रत्येकाआधी क्रमांक. दोन रांगा केल्या आणि क्रमांक घातले नाहीत तर पुढे वाचणाऱ्याला आडवं वाचायचं की उभं हे कळत नाही.

‘चूक झाली तर वॉलेट सांगेलच’ यावर विसंबू नका. शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असतो हे खरं, पण बारा शब्दांत तो फक्त चार बिटांचा, म्हणजे सोळाच शक्यतांचा. दोन शब्दांची अदलाबदल झाली तर सोळापैकी एका वेळी चुकीचा क्रमही बरोबर म्हणून स्वीकारला जातो आणि एक रिकामं वॉलेट उघडतं. चूक झाल्याचा संदेश नाही, फक्त शून्य शिल्लक. चोवीस शब्दांत हीच शक्यता २५६ पैकी एक.

अक्षर चुकलं तर त्यावरच दुसरं ठोकू नका. नवी पट्टी घ्या आणि जुनी ग्राइंडरने साफ करा.

पट्ट्या दोन, जागा दोन

अर्धे शब्द इथे आणि अर्धे तिथे, ही युक्ती हुशारीची वाटते आणि घातक आहे: कुठलाही एक अर्धा गेला की सगळं गेलं, आणि बारा शब्दांतले सहा चोराच्या हाती लागले तर उरलेले शोधणं कित्येक पटींनी सोपं होतं. दोन पूर्ण पट्ट्या करा. एक घरी, वरच्या मजल्यावर. दुसरी विश्वामित्रीच्या पाण्यापासून लांब: इंदूरच्या भावाकडे, पुण्याच्या बहिणीकडे. जाड कापडात शिवून लाखेची मोहर लावा. मोहर फुटलेली दिसली तर कुणी फोडली याची चौकशी नंतर. आधी नवे शब्द तयार करून नाणी तिकडे हलवा.

बँकेचा लॉकर दुसऱ्या पट्टीसाठी ठीक आहे, पण भरपाईची आशा ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तीही नाही.

काही जण या शब्दांवर स्वतःचा आणखी एक गुप्त शब्द लावतात. बहुतेकांनी लावू नये. त्यात एक अक्षर किंवा एक स्पेस चुकली तरी वेगळंच, रिकामं वॉलेट उघडतं, आणि घरच्यांना तो शब्द माहीत नसतो.

मोडून बघा

हा टप्पा लोक टाळतात. वॉलेटवर पाचशे-हजार रुपयांची नाणी पाठवा, पहिला पत्ता (नाणी घेण्यासाठी वॉलेट दाखवतं ती अक्षर-अंकांची ओळ) कागदावर उतरवून घ्या, मग यंत्र पूर्ण पुसा. लेजरमध्ये तीनदा चुकीचा पिन टाकला की ते आपोआप पुसलं जातं. आता कागद बाजूला ठेवून फक्त पट्टीवरून शब्द यंत्रात भरा. तोच पत्ता, तीच शिल्लक दिसली तर दुसऱ्या पट्टीवरून पुन्हा तेच करा. मगच कागद जाळा. शब्द यंत्राच्याच बटणांनी भरायचे. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाइप केले की सगळी मेहनत वाया.

दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये शब्द भरले आणि शिल्लक शून्य आली तर घाबरू नका. बिटकॉइनच्या पत्त्यांचे प्रकार वेगवेगळे असतात. खात्याचा प्रकार बदलून बघा. कुठलं यंत्र, कुठला प्रकार हे साध्या कागदावर लिहून ठेवलं तरी चालतं, ते गुप्त नाही.

नाणी हलवणं

पत्ता यंत्राच्या पडद्यावर पूर्ण पडताळा, फक्त पहिली-शेवटची चार अक्षरं नव्हे. चोर टोकं जुळणारे पत्ते मुद्दाम तयार करून तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात, त्यामुळे जुन्या यादीतून पत्ता कधीच उचलू नका. नेटवर्क, म्हणजे नाणी ज्या ब्लॉकचेनवरून जातात ती, दोन्हीकडे एकच हवं: टी ने सुरू होणारा पत्ता ट्रॉनचा, शून्य-एक्सने सुरू होणारा इथेरियम घराण्यातला. आधी छोटी रक्कम, पोचल्यावर उरलेली. स्वतःच्या वॉलेटवर पाठवणं ही विक्री नाही, त्यामुळे एक टक्का टीडीएस लागत नाही. पण एक्स्चेंजवरून खरेदीचा पूर्ण अहवाल आत्ताच उतरवून ठेवा. पुढे विकताना ३० टक्के कर आणि वर सेस भरताना फक्त खरेदीची किंमत वजा होते, आणि तिचा पुरावा तुम्हालाच द्यायचा असतो.

शेवटी घरच्यांसाठी एक पत्र. मुदत ठेवीला नॉमिनीचं नाव लागतं, इथे तसा फॉर्म नाही. पत्रात शब्द लिहू नका: काय आहे, यंत्र कुठे, पट्ट्या कुठे, कुठल्या विश्वासू माणसाला बोलवायचं, एवढंच. आणि खाली ठळक अक्षरांत: फोनवर, संकेतस्थळावर किंवा दारात येऊन कुणीही बारा शब्द मागितले तर तो चोर, मग तो कंपनीचं नाव सांगो की पोलिसांचं. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.