अभ्यासक्रम मंजूर करून घेताय? या चुका टाळा

अभ्यास मंडळाची, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीची, बैठक झाली, हजेरीपटावर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘नवीन अभ्यासक्रम मंजूर’ असा निरोप फिरला, हे मी दर वर्षी पाहतो. तो मंजूर झालेला नसतो. अभ्यास मंडळ शिफारस करतं. विद्यापीठात ती विद्याशाखेकडून विद्या परिषदेपुढे, म्हणजे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळापुढे, जाते आणि मंजुरी तिथे मिळते. फी, पदं, खर्च असं काही गुंतलं असेल तर विषय विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापन परिषदेतही जातो. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, त्याची स्वतःची विद्या परिषद असते, पण तिथेही पदवी शेवटी विद्यापीठच देतं, त्यामुळे विद्यापीठाला वेळेत कळवणं सुटत नाही. एवढी साखळी डोक्यात पक्की नसेल तर प्रस्ताव लिहायला बसू नये.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती आधी सांगतो. इतिवृत्तातलं हे वाक्य बघा: ‘सविस्तर चर्चेअंती सदर अभ्यासक्रमास किरकोळ दुरुस्त्यांसह मान्यता देण्यात आली.’ कोणत्या दुरुस्त्या? कोणी सुचवल्या? कुठल्या पानावर? काही पत्ता नाही.

एका स्वायत्त महाविद्यालयात मी बाहेरचा सदस्य म्हणून जात असे. तिथे विज्ञान शाखेच्या तिसऱ्या सत्राच्या एका पेपरमधला चौथा घटक पुढच्या सत्रात ढकलायचा आणि त्याच्या जागी नवा घटक घ्यायचा असं बैठकीत ठरलं. विषयशिक्षकांनी आपल्या प्रतीवर पेन्सिलीने तसं लिहून घेतलं. इतिवृत्तात मात्र वरचंच वाक्य उतरलं. कार्यालयाने संकेतस्थळावर टाकायला जी फाइल उचलली ती बैठकीच्या आधीची होती. जूनमध्ये शिक्षकांनी नवा घटक शिकवायला घेतला, वर्गात नोट्सही नव्याच दिल्या. परीक्षा विभागाने बाहेरच्या प्राध्यापकांना प्रश्नपत्रिका काढायला सांगताना संकेतस्थळावरची प्रत पाठवली. त्यांनी त्या प्रतीबरहुकूम प्रश्नपत्रिका काढली, त्यांचा काहीच दोष नव्हता.

परीक्षेत चौथा प्रश्न जसाच्या तसा न शिकवलेल्या घटकावर आला. मुलं प्राचार्यांच्या दारात जमली. चौकशीत पहिलाच प्रश्न निघाला की मंजूर प्रत कोणती, आणि टेबलावर तीन प्रती आल्या: संकेतस्थळावरची, शिक्षकांची पेन्सिलीच्या खुणांची आणि विभागाच्या संगणकातली तिसरीच. तिन्हींवर तारीख नाही, ठराव क्रमांक नाही. त्या पेपरची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. दिवाळीला गावी जायची तिकिटं काढून बसलेली वसतिगृहातली मुलं त्या एका पेपरसाठी अडकून पडली. एक ओळ नीट लिहिली असती तर यातलं काहीही झालं नसतं.

म्हणून माझी सवय अशी आहे. बैठकीत मजकूर पडद्यावर लावायचा आणि दुरुस्ती तिथल्या तिथे करायची. दुरुस्तीची नोंद चार रकान्यांत: कोर्स कोड, घटक, जुना मजकूर, नवा मजकूर. अंतिम प्रत इतिवृत्ताला परिशिष्ट म्हणून जोडायची, प्रत्येक पानाच्या तळाशी ठराव क्रमांक आणि दिनांक टाकायचा. परीक्षा विभागाला प्रत जाते ती याच परिशिष्टाची. आधीच्या सगळ्या फाइल ‘रद्द’ नावाच्या फोल्डरमध्ये. बैठक अर्धा तास लांबते, सदस्य घड्याळाकडे बघायला लागतात, बघू द्यावं. परिशिष्ट जोडलेलं नसेल तर मी इतिवृत्तावर सही करत नाही.

दुसरी चूक घाईची. संलग्न महाविद्यालयात नवीन अभ्यासक्रम, विषय किंवा तुकडी सुरू करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ चं कलम १०९ लागू होतं. अर्ज आदल्या वर्षी करायचा असतो, तो विद्यापीठाच्या बृहत आराखड्याशी, म्हणजे कुठे कोणती महाविद्यालयं आणि अभ्यासक्रम हवेत याच्या योजनेशी, जुळावा लागतो, आणि अंतिम परवानगी शासनाची असते. हे सगळं लेखी असताना मार्च-एप्रिलमध्ये जाग येणारी महाविद्यालयं कमी नाहीत. मग धावाधाव सुरू होते आणि कोणीतरी हमखास म्हणतं, ‘१२(७) मध्ये घेऊन टाकू.’ कलम १२(७) कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी निर्णय घेण्याचा अधिकार देतं, आणि तो निर्णय नंतर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. आपण वर्षभर फाइल हलवली नाही, ही तातडी नव्हे. नव्याने विभागप्रमुख झालेल्यांना हा रस्ता फार आवडतो, कारण काम एका पत्रात होतं. पण पुढे प्राधिकरणात कोणी आक्षेप घेतला तर तोवर मुलांचे प्रवेश झालेले असतात.

‘मान्यतेच्या अधीन राहून प्रवेश’ असं जाहिरातीत बारीक अक्षरात छापणं मला सरळ चुकीचं वाटतं. साताऱ्याहून किंवा परभणीहून आलेले पालक ती ओळ वाचत नाहीत, ते फलकावरचं अभ्यासक्रमाचं नाव वाचतात आणि फी भरतात. परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय फलक लावू नका. एक वर्ष उशीर परवडतो.

पदवीचं नाव. नवं, आकर्षक नाव देण्याचा मोह सगळ्यांना होतो, सल्लागार तर तेच विकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये पदव्यांच्या नावांची अधिसूचना राजपत्रात काढली आहे, त्यातलंच नाव घ्यायचं. विशेष विषय कंसात लिहा, उदाहरणार्थ बी.एस्सी. (संख्याशास्त्र). यादीबाहेरचं नाव हवंच असेल तर आयोगाची मान्यता आधी घ्या. नाही घेतली तर आपलं काहीच बिघडत नाही. तीन-चार वर्षांनी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत ‘ही पदवी समकक्ष आहे का, तसं पत्र आणा’ असं त्या मुलाला सांगतात, आणि तो पत्रासाठी विद्यापीठाच्या खिडक्या फिरत राहतो. नाव बदलण्याआधी नियामक संस्था कोणती हेही बघा. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशाची गणितंच बदलली. जुन्या प्रस्तावाची नक्कल करून पाठवणाऱ्यांना हे अर्ज परत आल्यावर कळलं.

श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हिशेब लोक शेवटच्या रात्री करतात. शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार एका सत्राला २० ते २२ श्रेयांक बसवायचे आहेत. तासिकेच्या पेपरला एका श्रेयांकामागे १५ तास, प्रात्यक्षिकाला ३०. म्हणजे चार श्रेयांकांच्या पेपरला ६० तास. प्रत्यक्षात मात्र प्रत्येकाला आपल्या आवडीचा घटक आत घालायचा असतो आणि ६० तासांत ९० तासांचा मजकूर कोंबला जातो. मी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसतो. गणपती, दिवाळी, अंतर्गत चाचण्या वजा करतो आणि उरलेल्या तासांत काय शिकवून होईल ते विषयशिक्षकांनाच विचारतो. ते जो घटक सर्वांत शेवटी, आवाज खाली आणून सांगतात, तो काढायचा असतो.

दुसऱ्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम उतरवून घेताना निदान त्यांचे कोर्स कोड तरी काढा. संदर्भग्रंथांच्या यादीत ग्रंथालयात नसलेली पुस्तकं भरू नका. बाहेरचे तज्ज्ञ येणार नसतील तर बैठक पुढे ढकला, घरी जाऊन सह्या आणू नका. विषयाचं नाव बदललं की निकालाच्या संगणक प्रणालीत आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन खात्याच्या) नोंदीतही ते बदललं का, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या.

आणि जुन्या अभ्यासक्रमातली मुलं. नवा अभ्यासक्रम जूनपासून लागू, एवढंच ठरावात लिहितात. एटीकेटी राहिलेल्या, म्हणजे काही विषयांत नापास होऊनही पुढच्या वर्गात गेलेल्या, मुलाचा जुना पेपर आता कोण घेणार, किती संधी मिळणार, नव्यातला कोणता पेपर त्याच्या जुन्या पेपराला समकक्ष धरायचा, याबद्दल एक शब्द नसतो. समकक्षतेचा तक्ता नवीन अभ्यासक्रमाबरोबर त्याच बैठकीत, त्याच ठरावात मंजूर करून घ्या. ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवलेला तक्ता सहसा तेव्हाच तयार होतो, जेव्हा एखादा मुलगा हॉल तिकीट घेऊन परीक्षा विभागात येतो आणि त्याच्या विषयाची प्रश्नपत्रिकाच निघालेली नसते. तक्ता आधीच्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पेपरसाठी हवा, बंद केलेल्या पेपरसाठीसुद्धा, आणि शेवटच्या संधीचं सत्र व वर्ष त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.